कुठल्या पानावर?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्या गुरुजींची आणि माझी ओळख वाचनालयाच्या याच इमारतीतली. तेव्हा ती कौलारू होती आणि मी सातवी-आठवीत असेन. पुस्तक परत करायला गेलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय वाचलंस?" आपण काहीतरी ऐटीत सांगावं, तर लगेच पुढचा प्रश्न यायचा, "कुठल्या पानावर?" पान सांगता आलं नाही की पुस्तक पुन्हा आपल्यासमोर सरकवलेलं असायचं. रागावणं वगैरे काही नाही, ते मागच्या मुलाकडे वळलेले असायचे. आम्हा पोरांना तो छळ वाटायचा. पुढे मी पस्तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला, वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आणि निवृत्तीच्या तोंडावर ध्यानात आलं, की आपण मुलांना मोठमोठे प्रश्न विचारत बसलो आणि हा एवढासा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

पत्रिकेवर आजचा विषय 'विद्यार्थ्यांमधील वाङ्मयचौर्य : कारणे व उपाय' असा छापला आहे. शीर्षक संयोजकांचं, मी फक्त हो म्हटलं. पण त्यातला 'चौर्य' हा शब्द मला खटकतो. वस्तू दुसऱ्याची आहे हे चोराला पक्कं ठाऊक असतं. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक वह्यांमध्ये तेवढीसुद्धा जाणीव नव्हती.

एक उदाहरण सांगतो. पर्यावरण हा विषय शिक्षणात सगळीकडे सक्तीचा झाला, त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये तो दिला गेला. मुलांनी आपल्या भोवतालची हवा, पाणी, माती डोळ्यांनी बघावी, असा त्यामागचा हेतू. आमच्या तालुक्यापर्यंत येता येता त्या हेतूची प्रकल्पवही झाली. विषय ठरलेले : जलप्रदूषण, ध्वनिप्रदूषण, घनकचरा, जागतिक तापमानवाढ. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मजकूर तयार, चिकटवायची चित्रं वेगळी, आणि हस्ताक्षर चांगलं नसेल तर लिहून देणाराही मिळायचा. एका वर्षी तपासनिसाची पाळी माझ्यावर आली. पावसाळ्यातही ज्या गावचा ओढा चार दिवस वाहिला तर पेढे वाटतील, त्या गावच्या पोराने लिहिलं होतं, की आम्ही पवई तलावाला भेट दिली. पुढच्या वहीत पवई. त्याच्या पुढच्याही वहीत पवई. चौथी वही मात्र वेगळी निघाली. तिच्यात प्रत्येक उपशीर्षकापुढे, अगदी सुवाच्य अक्षरात, चौकटी कंस करून 'संपादन' असं लिहिलेलं.

ज्यांनी मराठी विकिपीडिया उघडला आहे ते आत्ता हसले. बाकीच्यांसाठी सांगतो, तिथे प्रत्येक विभागाच्या मथळ्याशेजारी हा शब्द असतो. त्यावर बोट ठेवलं की तो मजकूर दुरुस्त करता येतो. पोराने पडद्यावर दिसेल ते सगळं शाईने उतरवलं होतं, त्या शब्दासकट. मी त्याला बोलावून विचारलं, "हे संपादन काय आहे रे?" तो म्हणाला, "सर, तिथं होतं."

हे 'तिथं होतं' माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. त्यात लबाडी कुठे आहे? मला तर त्यात आज्ञाधारकपणाच दिसतो. फळ्यावर आहे तसं उतरवून घ्या, हे आम्हीच त्याला पहिलीपासून सांगत आलो. मराठीच्या पेपरात 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. स्वमत! आणि त्या स्वमताचं उत्तर गाईडमध्ये छापलेलं मिळतं. मुलगा ते पाठ करतो, आम्ही ते ताडून बघतो, जुळलं की चारपैकी चार. कॉपी म्हणजे आपल्या लेखी फक्त परीक्षेतली चिठ्ठी. त्यासाठी कॉपीमुक्त अभियान आहे, भरारी पथक आहे, खिडकीबाहेर पोलीस आहे. वर्षभर उतरवून घ्यायचं आणि शेवटचे तीन तास तेवढं उतरवायचं नाही, असा आपला एकूण नीतिनियम. तो मुलांना कळत नाही, यात मला नवल वाटत नाही.

मग कुणी म्हणतं, संदर्भ देण्याची ही शिस्त पाश्चात्त्यांची, आपल्याकडे सगळं मौखिक, अनाम, सामूहिक. हे मला मुळीच मान्य नाही. एकनाथांनी १५८४ च्या सुमारास ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून तिचा पाठ शुद्ध केला आणि या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद देऊन ठेवली. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवणं हा एक गुन्हा आणि आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवणं हा दुसरा. नाथांना हा दुसरा गुन्हा चांगला ठाऊक होता. आज सकाळी उठल्या उठल्या पु. ल. किंवा व. पु. यांच्या नावाने तुमच्या मोबाइलवर जे येतं, त्यातलं त्यांनी किती लिहिलं असेल? नाथांची ताकीद व्हॉट्सॲपवर लावायला हवी.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचं उदाहरण तर मी दर वर्षी पहिल्याच तासाला द्यायचो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ मध्ये सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर त्याचे प्रमुख होते, आणि ते पूर्ण झालं १९६६ मध्ये, सुखठणकर जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. बाराशेहून अधिक हस्तलिखितं देशभरातून गोळा केली, निरनिराळ्या लिप्यांतली. त्यातली कुठली जुनी, कुठली कुणाची नक्कल, हे ठरवायचं कसं? अनेक खुणांपैकी एक मोठी खूण म्हणजे चूक. बरोबर शब्द दहा जणांकडे सारखा असला म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण बरोबर सगळ्यांचंच असू शकतं. पण एकच विचित्र चूक दोन पोथ्यांत आढळली, की दोघींचं मूळ एक. कुणी कुणाचं उतरवलं ते चुका सांगतात. हे ऐकलं की वर्गात खसखस पिकायची, कारण शेजाऱ्याच्या पेपरातून उतरवणारा नेमका असाच सापडतो, हे त्यांना अनुभवाने माहीत असायचं. आणि त्या आवृत्तीचं कुठलंही पान उघडा : वर मोजक्या ओळींचा मूळ पाठ आणि खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत काय वेगळं आहे त्याची दाटीवाटी. 'कुठल्या पानावर?' या प्रश्नाला दिलेलं सत्तेचाळीस वर्षांचं उत्तर आहे ते.

आता थोडं परदेशात जाऊ, कारण एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबेर्ग नावाचे सरदार घराण्यातले एक तरुण मंत्री होते. खानदानी माणूस, नावंच दहाएक. फेब्रुवारी २००९ मध्ये ते अर्थमंत्री झाले, तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून जर्मन विकिपीडियावर त्यांच्या नावांच्या रांगेत एक 'विल्हेल्म' घुसवला. दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या वृत्तपत्रांनी तो विल्हेल्म छापला. मग विकिपीडियावर कुणी शंका काढली, तर पुरावा म्हणून त्याच वृत्तपत्रांकडे बोट दाखवलं गेलं! खोट्याने सत्याला जन्म दिला आणि सत्याने खोट्याला दाखला.

गंमत पुढेच आहे. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, याच गुटेनबेर्गांचा कायद्यातला प्रबंध उचललेला असल्याचं ब्रेमेनच्या एका प्राध्यापकाच्या लक्षात आलं. प्रबंधाची सुरुवातच एका वृत्तपत्रीय लेखातून घेतलेली होती. मग लोकांनी एक सामायिक संकेतस्थळ उघडलं आणि अनोळखी माणसं घरी बसून एकेक पान ताडू लागली. त्यांनी ३९३ पानांपैकी ३७१ पानांवर उसना मजकूर दाखवून दिला. बायरॉइट विद्यापीठाने याच प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी दिली होती. विद्यापीठाने ती पदवी काढून घेतली आणि तोवर संरक्षणमंत्री झालेल्या साहेबांनी १ मार्चला पद सोडलं. म्हणजे ज्याच्या नावात लोकांनी खोटा शब्द घातला, त्यानेच आपल्या नावावर लोकांचे शब्द घातले होते. मला या गोष्टीतला निकाल तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. ही उचलेगिरी पकडली कुणी, हे वाटतं. वाचकांनी. प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून 'हे कुठून आणलं?' असं विचारणाऱ्या वाचकांनी.

आपल्याकडे हे काम यंत्रावर सोपवलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे. तिच्यानुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येणार नाही आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सामान्य ज्ञानातलं किंवा योगायोगाचं साम्य मोजायचं नाही, अशीही त्यात सवलत आहे. नियम वाईट नाहीत. पण नियम लागू झाल्याबरोबर विद्यापीठाच्या आवारात एक नवा धंदा निघाला. टायपिंग, बाइंडिंग, सोनेरी अक्षरं आणि आता 'टक्केवारी कमी करून मिळेल'. कशी कमी करतात? 'परिणाम'च्या जागी 'प्रभाव', 'महत्त्वाचा'च्या जागी 'महत्त्वपूर्ण'. मला एक प्रबंध आठवतो, त्यात 'पाणीपुरवठा' टाळता टाळता 'जलप्रदान' झालं होतं. टक्केवारी उत्तम आली होती. एकही विचार संशोधकाचा नव्हता आणि यंत्राच्या लेखी तो निर्दोष होता.

मराठीपुरती अडचण आणखी वेगळी आहे. 'शोधगंगा'वर देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ही फार मोठी सोय आहे. मी तिच्यावर तासन्‌तास घालवतो. पण जुने मराठी प्रबंध बरेचसे स्कॅन केलेली चित्रं आहेत, नाहीतर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतात, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. ते उतरवले तर यंत्र कशाशी ताडणार? इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकाचं भाषांतर करून आपल्या नावावर घातलं, तर ते सापडणं याहून कठीण. आणि आता आपण प्राध्यापक मंडळींनी मान खाली घालायची वेळ येते. पदोन्नतीसाठी गुण, गुणांसाठी निबंध, निबंधासाठी पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं : ही रांग विद्यार्थ्यांनी लावलेली नाही. त्या रांगेत मी माझे ओळखीचे चेहरे पाहिले आहेत. एकदा थोडा वेळ मीही उभा होतो. यापेक्षा जास्त सांगत नाही.

मग वर्गात करायचं काय? मी निवृत्तीच्या आधीची पाच-सहा वर्षं एक तास घ्यायचो. त्याचं नाव मुलांनीच ठेवलं होतं, 'मेकॉलेचा तास'. तो जरा सविस्तर सांगतो.

मेकॉलेच्या नावावर फिरणारा एक उतारा आहे, तुमच्यापैकी अनेकांनी तो वाचला असेल. मी हिंदुस्थानभर फिरलो, कुठे भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती मोडली पाहिजे, असा त्याचा मतलब. खाली लिहिलेलं असतं : ब्रिटिश पार्लमेंटमधलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५. दर वर्षी किमान तीस वह्यांमध्ये हा उतारा यायचा. मी तो फळ्यावर लिहायचो आणि म्हणायचो, मोबाइल बाहेर काढा. तास संपेपर्यंत यावर कुणी मत द्यायचं नाही, फक्त शोधायचं.

पहिली दहा मिनिटं नेहमी सारखीच जायची. मुलं तोच उतारा आणखी वीस ठिकाणी शोधून काढायची आणि विजयी मुद्रेने म्हणायची, "सर, सगळीकडे आहे." मग मी पोथ्यांची आठवण करून द्यायचो. वीस पोथ्या एकाच पोथीवरून उतरवल्या असतील, तर साक्षीदार वीस की एक? मुलं जरा गप्प व्हायची. मग मी तारखेकडे बोट दाखवायचो. "त्या दिवशी हा माणूस होता कुठे?"

खरी मजा इथून पुढे. कुणीतरी शोधायचं, की मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला होता. कुणीतरी सांगायचं, की तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद म्हणून आला आणि १८३८ मध्ये परत गेला. गलबताने यायला त्याला चार महिने लागले होते, हेही निघायचं. मग एखादी मुलगी हळूच म्हणायची, "सर, म्हणजे फेब्रुवारी ३५ ला तो कलकत्त्यात आहे. लंडनला भाषण कसं करेल?" आणि त्या तारखेचा मेकॉलेचा एक खरा दस्तऐवजही आहेच : त्याचं शिक्षणावरचं प्रसिद्ध टिपण. शार्प यांनी संपादित केलेल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या १९२० च्या संग्रहात ते पूर्ण छापलेलं आहे आणि तो संग्रह इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतो. ते टिपण उघडायला लावायचो. त्यात तो भिकारी-चोरांचा उतारा नाही. पण आपल्या भाषांतल्या सगळ्या ग्रंथांना त्याने किती तुच्छ लेखलंय, ते तिथे स्वच्छ शब्दांत आहे. रागवायचंच असेल तर खऱ्या कागदावर रागवा ना! त्यात काही कमी अपमान नाही.

हा तास नेहमी सुरळीत व्हायचा असं समजू नका. एकदा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तुम्ही इंग्रजांची बाजू घेताय." मी त्याला विचारलं, "कुठल्या पानावर?" वर्ग हसला, तो रुसला आणि माझं चुकलं. गुरुजींचा प्रश्न त्यांच्या आवाजातच विचारायला हवा होता. मी तो टोमणा म्हणून वापरला.

हा तास मी घ्यायला लागल्यावर बऱ्याच दिवसांनी अमेरिकेतला एक अभ्यास वाचनात आला आणि बरं वाटलं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ४५ जणांना पडद्यासमोर बसवलं : १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी. त्यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवून कुठल्यावर विश्वास ठेवायचा, ते विचारलं. विद्यार्थी आणि चक्क काही इतिहासकारसुद्धा त्याच पानावर खालपर्यंत वाचत राहिले. बोधचिन्ह, भाषा, तळटिपा, सगळं बघितलं आणि फसले. तपासनीस मात्र पान उघडल्याबरोबर तिथून उठले. शेजारी दुसरी खिडकी उघडून 'हे लोक कोण आहेत, यांच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात?' हे त्यांनी आधी पाहिलं. आपल्या खेड्यात हे सांगायची गरज नाही. स्थळ आलं की मुलाकडच्यांनी छापलेली माहिती कोण वाचत बसतं? सोयरा गाठून त्या गावात चौकशी करतात. तेवढीच अक्कल पडद्यासमोर बसल्यावर कुठे जाते, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

आता काही किरकोळ पण कामाच्या गोष्टी भराभर सांगतो. विकिपीडिया वर्ज्य करू नका. तो वाचायचा, मग वरच्या 'इतिहास पहा' वर जाऊन कुणी कधी काय बदललं ते बघायचं, 'चर्चा' बघायची आणि तळाच्या संदर्भांवरून मूळ कागदापर्यंत जायचं. उल्लेख करायचा तो त्या मूळ कागदाचा, आणि तोही स्वतः उघडला असेल तरच. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर पूर्ण आहे. त्यातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, म्हणजे पकडायला माणूस आहे. जुन्या मराठीत शोधताना शुद्धलेखन लक्षात ठेवा. १९६२ च्या नियमांनी अनेक अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात 'गाव' शोधाल तर हाती काही लागणार नाही, 'गांव' शोधा, 'कांहीं' शोधा. शब्दाचा जुना अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन आहे. आणि टिपणं काढताना दोन शाई ठेवा, निळी दुसऱ्याच्या शब्दांना आणि लाल आपल्या. महिन्याने वही उघडली की आपण किती बोललो ते रंगावरूनच दिसतं. माझ्या स्वतःच्या वहीत लाल फार कमी निघाला, हे कबूल करतो.

चॅटजीपीटीबद्दल बोला, असं आल्यापासून तीन जणांनी सांगितलंय. तो नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि प्रकल्पवहीचं झेरॉक्सचं दुकान प्रत्येकाच्या खिशात आलं. फरक एवढाच, की दुकानातला मजकूर निदान कुठेतरी कुणीतरी लिहिलेला होता. हे यंत्र नसलेली पुस्तकं पानांच्या आकड्यासह सांगू शकतं. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी त्याने रचलेले सहा निवाडे खरे समजून न्यायालयात दाखल केले. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. वकिलांनी एकदा मूळ निवाडा उघडायचा प्रयत्न केला असता, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पकडायला यंत्र वापरू म्हणाल, तर तेही भरवशाचं नाही. ज्या कंपनीने हे यंत्र केलं, तिनेच आपलं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ निबंध सात ओळखयंत्रांना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांवर निम्म्याहून अधिक वेळा यंत्रनिर्मित असा शिक्का बसला. कारण साधं आहे. परकी भाषा जपून, मोजक्या ठरीव शब्दांत लिहिणारा माणूस यंत्रासारखा वाटतो. आमच्या गावाकडून पुण्याला जाऊन इंग्रजीत पहिला निबंध लिहिणारी मुलगी नेमकी तशीच लिहिते. तिला यंत्राच्या आकड्यावर चोर ठरवणारा शिक्षक मला चोरापेक्षा वाईट वाटतो.

शेवटच्या तीन वर्षांत मी पकडापकडी सोडून दिली आणि प्रश्न बदलला. जलप्रदूषण बंद. आपल्या गावातली एक विहीर, आड किंवा बारव निवडायची. कुणी खोदली, कधी खोदली, पाणी कुठवर असायचं, आज कुठे आहे. तीन प्रकारचे आधार हवेत : एक माणूस, एक सरकारी कागद, एक छापील किंवा ऑनलाइन पुस्तक. माणसाचं नाव, वय आणि भेटीची तारीख लिहायची. कागद म्हणजे सातबारा. पुस्तक म्हणजे बहुतेकांचं १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर. ते ऑनलाइन आहे हे ऐकून तलाठ्यालाही आश्चर्य वाटलं. अशा विहिरीवर आधीच लिहिलेलं काही नाही, त्यामुळे उतरवायला काही नाही, असा माझा हिशेब. तो पूर्ण बरोबर निघाला असं नाही. पहिल्याच वर्षी चार मुलांनी एकाच विहिरीवर सारखं लिहिलं आणि चौघांनीही 'कठडा'तला 'ठ' 'ढ' काढला. सुखठणकर आठवले.

पण त्याच वर्षी एक मुलगी आली. तिची विहीर घरचीच. आजी सांगत होती, तिच्या सासऱ्यांनी बहात्तरच्या दुष्काळात ती खोदली, स्वतः सुरुंग लावले. शेजारचे आबा म्हणाले, विहीर आधीचीच, बहात्तरला फक्त गाळ काढून दोन परस खोल नेली. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर विहिरीची नोंद बहात्तरच्याही आधीची निघाली. आजीला कागद वाचून दाखवल्यावर ती दोन दिवस नातीशी बोलली नव्हती. मुलगी वही घेऊन माझ्यासमोर उभी, रडवेली. "सर, यातलं कुठलं लिहू?"

मी म्हटलं, तिन्ही लिही. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कागद कुठला, त्यासकट. आजी का चिडली तेही लिही.

तिने वहीची राहिलेली पानं मोजली. म्हणाली, "मग पान पुरणार नाही, सर."

मी कपाट उघडून तिला पुरवणी काढून दिली.